साखरेच्या कागदावरची अक्षरे

मित्रांनो, जरा थांबत थांबत बोलतो, रागावू नका. माझा पंखा घरघरतो आणि फार वेळ बोललो की मला धाप लागते. मी एका बेकरीच्या मागच्या खोलीतला संगणक आहे. माझा रंग एके काळी पांढरा होता. आता तो जुन्या दातांसारखा पिवळट झाला आहे.

माझ्या जन्माची मोठी कथा नाही. आम्ही एका रांगेत तयार झालो, एका रांगेत खोक्यांत गेलो आणि मग जो तो आपल्या वाटेला लागला. मी आधी मालवाहतुकीच्या एका कचेरीत होतो. तिथे दिवसभर पत्ते छापायचे. कुणाचे कपाट कुठे जाणार आणि कुणाच्या खुर्च्या कुठून येणार, एवढेच माझे जग होते. कचेरीत नवे संगणक आले तसा मी जुना झालो. बेकरीच्या मालकांनी मला स्वस्तात घेतले आणि मैद्याची पोती व केक सजवण्याचे टेबल यांच्यामध्ये बसवले. समोर भिंत, उजवीकडे पाण्याचा नळ, डावीकडे भट्टीची धग. हौसेने कोणी निवडावी अशी ती जागा नव्हती.

त्या टेबलापाशी नावकाकू काम करायच्या. त्यांचे खरे नाव त्या खोलीत कोणी घेत नसे. केकवर नावे लिहितात म्हणून त्या नावकाकू. क्रीमने भरलेला कोन हातात धरून त्या आधी सगळी अक्षरे काढायच्या आणि मग श्वास रोखून वरची रेघ एका दमात ओढायच्या. ती रेघ कधी तुटली नाही की वाकली नाही. बेकरीत येणारी माणसे म्हणायची, "केक कोणताही द्या, पण नाव काकूंच्या हातचं पाहिजे."

पण हात म्हणजे काही यंत्र नव्हे. वर्षानुवर्षे कोन दाबून दाबून काकूंच्या उजव्या मनगटात कळ यायला लागली. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितले. काकू भट्टीवाल्या मामांना म्हणाल्या, "विश्रांती कुठल्या दुकानात मिळते तेवढं विचारायचं राहून गेलं बघा." मामा हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी मनगटाला पट्टी गुंडाळली आणि पुढचा केक ओढला.

एके दिवशी मालक आत आले. माणूस वाईट नव्हता, पण सदा घाईत असायचा.

"काकू, जग कुठं चाललंय बघा. पलीकडच्या चौकात केकवर सोन्याची अक्षरं छापून देतायत. साखरेचा कागद असतो, खायची शाई असते. मी प्रिंटर मागवलाय. हे मशीन तर नुसतंच पडलंय. त्यात चित्रांचं एक सॉफ्टवेअर टाकून घेतलंय, फुकट मिळतं. तुम्ही तेवढी अक्षरं सजवायला शिकून घ्या. तुमच्या हातालाही आराम पडेल."

"मला या वयात जमेल का हो?"

"जमवायला पाहिजे. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल. तुम्हाला मी काढणार नाही, काळजी करू नका. साचे घासायला माणूस लागतोच."

मालक निघून गेले. काकू बराच वेळ कोन धूत राहिल्या. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

काकूंच्या घरात संगणक येणारे एकच माणूस होते, त्यांची सून. ती एका शिकवणीत मुलांना संगणक शिकवायची. दिवसभर शिकवून तिचा घसा बसलेला असायचा आणि संध्याकाळी घरी गेल्यावर स्वयंपाक ठरलेला. तरी ती दुसऱ्याच दिवशी खांद्यावरची पिशवीसुद्धा न उतरवता बेकरीत आली.

"बसा आई. घाबरू नका, ते चावत नाही."

"चावलं असतं तर परवडलं असतं गं. हे नुसतं बघत बसतं."

असे आमचे शिक्षण सुरू झाले. आमचे म्हणतो, कारण मीही त्या सॉफ्टवेअरला नवखा होतो. उघडायलाच मला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात काकू दोन साचे पुसून घ्यायच्या.

पहिल्या दिवशी सुनेने लेयर म्हणजे काय ते सांगितले. "अक्षर एका लेयरवर, सावली त्याच्या खालच्या लेयरवर, रंग आणखी वेगळ्या. एकावर एक थर. खालचा वरच्यातून दिसतो."

"म्हणजे केकच की," काकू म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

सुनेने कौतुकाने मान डोलावली. पण ते कौतुक फार टिकले नाही. माऊस काकूंचे ऐकेना. दोनदा दाबायचे तिथे एकदा दाबले जायचे, एकदा दाबायचे तिथे तीनदा. अक्षर मोठे करायला जावे तर ते उताणे पडायचे. चकाकी द्यायला जावे तर अख्खा पडदा पांढरा व्हायचा. धडे दाखवणाऱ्या चित्रफिती सून लावून द्यायची, पण त्यातला माणूस परक्या भाषेत भरभर बोलायचा. काकू त्याला थांबवत थांबवत त्याच्या बाणाकडे बघत राहायच्या. तो ज्वाळांची अक्षरे करायचा, काचेची करायचा, सोन्याची करायचा. काकूंची सोन्याची अक्षरे मात्र हळद सांडल्यासारखी दिसायची. त्यांच्या नाकी नऊ आले आणि सुनेच्याही.

मग ती संध्याकाळ आली. एका परिचारिकेच्या निरोप समारंभाचा मोठा केक होता. काकूंनी दुपारभर खपून नाव तयार केले, सावली दिली, सगळे थर एकत्र करून चित्र साठवले आणि अक्षरांची मूळ फाइल न ठेवताच बंद केली. छापायच्या वेळी सून आली आणि तिने पाहिले, तर नावातली वेलांटी ऱ्हस्व पडली होती, ती दीर्घ हवी होती.

"मूळ फाइल कुठाय?"

"हीच की."

"ही नाही आई. हे नुसतं चित्र आहे. यातलं अक्षर आता बदलता येत नाही. किती वेळा सांगितलं तुम्हाला, आधी फाइल ठेवा, मग चित्र करा! तुमच्या डोक्यात शिरतच नाही का काही?"

भट्टीवाले मामा तिथेच होते. पाव उचलणारी बाईही होती. सगळ्यांनी ऐकले. जिभेला हाड नसते म्हणतात ते खरे. सुनेचा चेहरा लगेच उतरला, पण शब्द सुटून गेला होता. काकूंनी मनगटाची पट्टी घट्ट केली, कोन भरला आणि ते नाव हाताने लिहिले. मी पहिल्यांदाच त्यांची रेघ वाकडी झालेली पाहिली.

त्यानंतर काकू माझ्याकडे फिरकल्या नाहीत. सूनही आली नाही. काकू पुन्हा कोन घेऊन उभ्या राहिल्या खऱ्या, पण मनगट ऐकेना. एकदा तर अख्खा केक त्यांच्या हातून निसटून जमिनीवर पडला. मालक रागावले नाहीत. त्यांनी फक्त साच्यांच्या ढिगाकडे बोट केले. ज्या बाईच्या हातचे नाव मागून घ्यायचे, ती बाई नळाखाली साचे घासत बसली. मी जवळच होतो, बंद होतो. माझ्या काळ्या पडद्यात त्यांची वाकलेली पाठ दिसत राहायची.

एका संध्याकाळी सून आली. तिने माफी मागितली नाही. स्टूल ओढले, मला सुरू केले आणि म्हणाली, "आई, या. आज सावली नीट करू."

काकूंनी हातातला साचा ठेवला नाही. "तू लग्न होऊन आलीस तेव्हा चादरीची घडी कशी घालायची ते मी तुला शिकवलं होतं. तेव्हा मी अशी बोलले होते का तुला?"

सुनेने थोडा विचार केला. "याहून वाईट बोलला होतात. तेही माझ्या आईसमोर."

काकूंच्या तोंडातून हसू फुटले. सूनही हसायला लागली आणि मामांना वाटले काहीतरी सांडले की काय, म्हणून ते धावत आले. काकूंनी पदराला हात पुसले.

"चल, दाखव. पण हळू सांग. तुझी मुलं पटकन शिकतात, मी पटकन विसरते."

त्या दिवसापासून काहीतरी सैल झाले. सून कमी बोलायला लागली आणि काकू जास्त विचारायला लागल्या. एकदा त्या म्हणाल्या, "हे सोनं, ह्या ज्वाळा, मला नाही आवडत. केकवर आग कशाला लावायची? मला क्रीमसारखं अक्षर करून दे."

"तसा धडा नाहीये आई."

"मग आपण करू."

दोघी बसल्या. अक्षराचा एक थर, त्याचीच एक प्रत, ती थोडी धूसर. काकू टेबलावर खऱ्या क्रीमचा एक ठिपका काढायच्या, वाकून बघायच्या आणि सांगायच्या, "उजेड इथून पडतो. कड अशी गोल दिसते. सावली काळी नसते गं, तपकिरी असते, आणि अगदी बारीक." सून तसे करून बघायची. कधी अक्षर फुगून पुरी झाल्यासारखे दिसायचे, कधी साबणाच्या वडीसारखे. कितीतरी वेळा पुसले. शेवटी एका संध्याकाळी पडद्यावर असे अक्षर उमटले, की मामांनी जवळ येऊन बोट लावून पाहिले. बोटाला काहीच लागले नाही तेव्हा ते ओशाळले.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर किती बरे झाले असते! पण कष्टाच्या गोष्टी अशा वेळेवर संपत नाहीत.

छापील क्रीमची अक्षरे लोकांना फार आवडली. मागणी वाढली. मालक गिऱ्हाइकांना आत आणून मला दाखवायचे. "हे बघा आमचं मशीन! काय अक्षर काढतं!" माझ्या डोक्यावर थाप मारायचे. मला लाज वाटायची. मी एक ठिपकाही स्वतः काढला नव्हता. काकू शेजारीच बसलेल्या असायच्या, पण त्यांच्याकडे कोणी बघत नसे. पूर्वी हाताचे कौतुक व्हायचे तेव्हा निदान हात कुणाचा ते लोकांना ठाऊक होते.

आणि आराम? आराम पडणार होता तो कुठे पडला कोण जाणे. कोनाने नाव लिहिताना हात दोन केकांमध्ये मोकळा व्हायचा. आता सकाळपासून तो माऊसवरच असायचा. नावे वाढली, मग शुभेच्छा वाढल्या, मग दुकानाच्या पाट्याही मालकांनी काकूंकडेच दिल्या. मनगट तेच, कळ तीच, फक्त कारण बदलले. काकू दुपारी हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसायच्या. मीही तापलेला असायचो. आम्ही दोघे एकमेकांना काय सांगणार?

शेवटी एके दिवशी ऐन कामात माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी बंद पडलो. मालक धावत आले. दुरुस्तीवाल्याला बोलावले. सूनही नेमकी आली होती. दुरुस्तीवाल्याने माझे एका बाजूचे झाकण काढले आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हा पंखा आहे की कणकेचा गोळा? एवढं पीठ! कुणी कधी उघडून बघितलं नाही का? गुदमरला बिचारा. असाच चालवला असता तर जळून गेला असता."

मालक कळवळले. खोटे नाही सांगत, खरेच कळवळले. "किती दिवस लागतील? लागू देत. घाई करू नका. नीट साफ करा, दमाने चालू करा. आपल्याला तो टिकायला पाहिजे."

सून काकूंच्या मागे उभी होती. तिचा बसलेला आवाज मला आजही आठवतो.

"मशीनला दमाने घ्या म्हणालात ते बरं केलंत. माझ्या सासूबाईंना कधी दम घ्यायला सांगणार?"

काकूंनी सुनेचा हात दाबला, गप्प बस म्हणून. तोही त्यांनी डाव्या हाताने दाबला. मालकांचे लक्ष तेव्हा कुठे त्या पट्टीकडे गेले.

"काकू, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"बोलले होते," काकू शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात आराम पडेल, आणि हे मशीन दिलंत."

मालकांनी खाली मान घातली. मग म्हणाले, "हात बरा होईपर्यंत येऊ नका. जागा तुमचीच राहील, आणि पगारही थांबणार नाही." बोलताना त्यांची नेहमीची घाई कुठेतरी गेली होती.

काकू घरी राहिल्या. संध्याकाळी सून येऊन तातडीची तेवढी नावे करायची आणि छापलेला एक कागद काकूंना दाखवायला न्यायची. कधी दुसऱ्या दिवशी तो कागद परत यायचा, त्यावर पेन्सिलीने लिहिलेले असायचे, 'सावली जड झाली.' सून तोंड वाकडे करायची आणि सावली हलकी करायची.

काकू परत आल्या, पण पूर्वीसारख्या नाही. मनगट पुरते बरे झाले नाही. आता होणारही नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्या दुपारपर्यंतच बसतात, डाव्या हाताने माऊस चालवतात आणि हात भरून आला की सरळ उठतात. मालक काही बोलत नाहीत. गिऱ्हाईक आत आले तर आता ते आधी काकूंकडे हात करतात. थोडे उशिरा शिकले, पण शिकले.

मीही चालतो आहे, पण किती दिवस चालेन ते सांगता येत नाही. साफ केलेल्या पंख्यालाही झीज झालेली असतेच.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला अधूनमधून उघडा, धूळ झटका, तापला की थोडा वेळ बंद ठेवा. तेवढ्याने आमचे आयुष्य वाढते. आम्ही निदान घरघरतो, बंद पडतो, मग लोक धावून येतात. माणसे घरघरत नाहीत. ती पट्टी घट्ट करतात आणि पुढचे काम ओढून घेतात. म्हणून आज जे हात तुमच्यासाठी काही लिहितात, शिवतात, मळतात किंवा धुतात, त्यांच्याजवळ जाऊन एकदा विचारा, "दुखतंय का?" आणि उत्तर 'नाही' असे आले, तरी तो हात जरा वेळ आपल्या हातात धरून बघा.