उजव्या कानाशी

स्फोटानंतर हवालदारांच्या डाव्या कानात काही म्हणजे काही उरलं नाही. उजव्यात थोडं उरलं, पण तेही एका न थांबणाऱ्या शिटीच्या पलीकडे. घरात हाक मारून उपयोग नसे. समोर जायचं, खांद्याला हात लावायचा, उजव्या बाजूला वाकायचं आणि एकेक शब्द सुटा करून बोलायचं. बायकोचा आवाज बारीक, तो शिटीतच विरून जायचा. तिनं "बटाटे संपलेत" म्हटलं की हवालदार दचकून विचारायचे, "बदली? कुणाची बदली?" सुरुवातीला सगळे पोट धरून हसले. पुढे पुढे हसणं आपोआप बंद झालं.

थोरल्या मुलीचा आवाज मात्र जाड होता. तिचं नाव काहीही असो, लहानपणी सतत कुठंतरी चढून बसायची म्हणून घरीदारी ती खारूच. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची, फ्रेमच्या मापाला बसवायची. शाळेत या आवाजावरून पोरींनी तिची यथेच्छ टर उडवली होती. आता तोच आवाज बापाच्या कानात पोचणारा एकमेव आवाज ठरला. डॉक्टरांकडे खारू, बँकेत खारू, आणि मग कोर्टातही खारूच.

त्याआधी काय झालं ते सांगायला हवं. शहरात तेव्हा रोज मोर्चे निघत होते. चौकशीसाठी एका ठाण्यात नेलेला कॉलेजचा मुलगा जिवंत परत आला नव्हता. हवालदार त्या ठाण्यातले नव्हते, पण वर्दी तीच. भर दुपारी ते आपल्या तरुण जोडीदाराबरोबर एका चौकात उभे होते. जोडीदारानं नवे बूट घेतले होते आणि ते चावत होते. "घरी बायको म्हणालीच होती, एक नंबर मोठा घ्या," असं सांगत तो नाडी सैल करायला वाकला, आणि वरच्या गच्चीवरून एक डबा खाली येऊन फुटला. जोडीदार जागीच गेला. डबा टाकणारा विशी-बाविशीचा होता. पोलीस जिना चढून वर पोचेपर्यंत त्यानं त्याच गच्चीवरून उडी मारली. का टाकला, कुणावर टाकला, विचारायला कुणी उरलंच नाही.

हवालदार दवाखान्यातून घरी आल्यावर पोलीस कुटुंबांच्या संघटनेचे वकील भेटायला आले. गोल चेहऱ्याचा, सारखी खोकल्याची गोळी चघळणारा माणूस. खारूकडे बघत त्यांनी समजावलं, "टाकणारा गेला. पण त्याच्या डोक्यात हे भरवलं कुणी? भाषणं कुणी केली? आपण नुकसानभरपाईचा दावा लावू. पैसा हा मुद्दा नाही. कुणीतरी जबाबदार आहे, हे कोर्टानं म्हणायला हवं."

दावा ज्यांच्यावर लावला त्यांत एक माजी मंत्री होते, एक नट होता, दोन संघटनांचे पदाधिकारी होते आणि मास्तर होते. मास्तर म्हणजे इतिहास शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. ठाण्यात मेलेला मुलगा त्यांचा विद्यार्थी. त्यांचं एक भाषण घराघरात पोचलं होतं, आणि डबा टाकणाऱ्याच्या मोबाईलमध्येही ते सापडलं होतं.

"सही करा," बायको म्हणाली. "त्यांनी बोलायचं, तिसऱ्यानंच फेकायचं, आणि भोगायचं आपण?" जोडीदाराच्या बायकोनं, जिला खारू वहिनी म्हणायची, आधीच सही केली होती. तिच्या कडेवर जेमतेम चालायला लागलेली मुलगी होती. ते पाहिल्यावर हवालदारांनी पुढं काही विचारलं नाही. सही केली.

मंत्र्यांचं आणि नटाचं नाव लवकरच गळालं. त्यांनी नुसता पाठिंबा दिला होता, असं न्यायाधीशबाई म्हणाल्या. संघटनावाले आणि मास्तर राहिले. मग ते भाषण कोर्टात सगळ्यांसमोर लावायचा दिवस आला.

आणि तेव्हा खारूच्या लक्षात आलं, की ज्या शब्दांवर दावा उभा होता ते बाबांनी कधी ऐकलेच नव्हते. भाषण झालं त्या दिवशी ते शहराच्या दुसऱ्या टोकाला बंदोबस्तावर होते. नंतर ऐकायला कान नव्हते. दाव्यात त्यातली दोन वाक्यं होती, तेवढीच त्यांना ठाऊक.

न्यायाधीशबाईंनी खारूला वडिलांच्या उजव्या बाजूला बसायची परवानगी दिली, पण आधी शपथ घ्यायला लावली. "जे ऐकाल तेच त्यांना सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही आणि गाळायचंही नाही. समजलं?"

"हो, बाई," खारू म्हणाली. लगेच तिला वाटलं, बाई काय म्हणालो आपण, ही काय शाळा आहे? पण कुणी हसलं नाही.

भिंतीवरच्या पडद्यावर मास्तर दिसले. साधा सदरा, हातात ध्वनिक्षेपक नीट धरता येत नव्हता. प्रत्येक वाक्यानंतर चित्र थांबवायचं ठरलं होतं. खारू कानाशी वाकली.

"माझा विद्यार्थी होता तो," तिनं सांगितलं. "वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. प्रश्न फार विचारायचा."

हवालदारांनी मान हलवली.

"कुणीही दगड उचलू नका. दगड उचलला की आपण हरलो."

वकिलांनी गोळी या गालातून त्या गालात नेली. हे वाक्य त्यांच्या दाव्यात नव्हतं.

"पण अर्ज करून आपण थकलो. आता त्यांनाही कळू दे, भीती म्हणजे काय असते. रस्त्यावरून जाताना त्यांनाही मागे वळून बघावं लागू दे."

ही दाव्यातली वाक्यं. पडद्यावरची गर्दी इथं ओरडत उठली होती. आवाज नसतानाही हवालदारांना ती उठलेली दिसली. मास्तर दगड उचलू नका म्हणाले होते आणि हेही म्हणाले होते. दोन्ही त्याच तोंडानं, एका पाठोपाठ एक. तिला वाटत होतं, भाषण ऐकलं की एका बाजूला झुकता येईल. तसं काही झालं नाही.

पडद्यावर मास्तर पुढं बोलले. खारूनं ते ऐकलं आणि ती गप्प बसली. चित्र थांबलं. पुढचं वाक्य सुरू होणार तेवढ्यात हवालदार नेहमीच्या, स्वतःला ऐकू न येणाऱ्या मोठ्या आवाजात म्हणाले, "थांबलीस का? त्यांचे ओठ हललेत. सांग."

सगळं कोर्ट तिच्याकडे बघायला लागलं. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.

"त्या ठाण्यात चौघं होते," खारू बापाच्या कानात म्हणाली. "मारणारे दोघं. शेजारच्या खोलीत बसून ऐकणारे दोघं. मारणाऱ्यांबद्दल कोर्ट बघेल. ऐकणाऱ्यांना मी विचारतो, तुम्हाला घास कसा जातो?"

हवालदारांनी बाकाची कड धरली. पुढची सगळी वाक्यं त्यांनी ऐकली, पण मान एकदाही हलवली नाही.

घरी जाताना बसमध्ये त्यांनी विचारलं, "का गाळलंस?"

"तुम्हाला लागेल म्हणून."

"मला लागायचं आता काय राहिलंय?"

खारूनं खिडकीबाहेर बघितलं. मग वाकून, अगदी सावकाश, शब्द सुटे करून विचारलं, "बाबा, तुम्ही कधी ऐकलं होतं? तसं, शेजारच्या खोलीतून?"

बाबा समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिले. "शिटी वाढलीय आज," ते म्हणाले. "काही ऐकू येत नाही."

ऐकू आलं होतं. तिला पक्कं कळलं. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि नंतर कधीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात तिच्या हातून एकामागून एक काचा फुटल्या. मालक म्हणाले, "खारू, आज तू पुढं बस, गिऱ्हाइकं बघ."

पुढच्या तारखेला हवालदारांची उलटतपासणी झाली. मास्तरांच्या बाजूच्या वकीलबाई शांतपणे विचारत होत्या आणि खारू त्यांचा प्रत्येक प्रश्न कानात सोडत होती.

"भाषण ऐकून तुम्हाला काय वाटलं?"

"राग आला."

"कुणाचा?"

"पहिल्यांदा मास्तरांचा." संघटनेचे वकील अर्धे उठले. "मग मास्तर म्हणाले ना, ते ऐकणारे दोघं, त्यांचा."

मागे कुजबुज झाली. वकीलबाई एक पाऊल पुढं आल्या. "तो डबा मास्तरांच्या बोलण्यामुळं टाकला गेला, असं तुम्ही सांगू शकता?"

"मला माहीत नाही," हवालदार म्हणाले. "टाकणाऱ्याला विचारायचं होतं. तो भेटला नाही. हे भेटले."

मागच्या बाकावरून वहिनी उठली. मुलीला कडेवर घेऊन, कुणाकडे न बघता ती बाहेर गेली. दार आपटलं. ते हवालदारांना ऐकू आलं नाही. वळून त्यांनी विचारलं, "सूनबाई कुठं गेली?" जोडीदार त्यांच्या लेकासारखा होता, म्हणून ते तिला सूनबाई म्हणायचे. खारूनं सांगितलं, "बाहेर गेली." एवढंच सांगितलं.

सुटी झाल्यावर बाहेरच्या लांब व्हरांड्यात मास्तर एकटेच त्यांच्याकडे आले. वकिलांनी हात आडवा घातला, पण हवालदारांनी तो बाजूला केला. मास्तर काहीतरी बोलले.

"काय म्हणतात?"

"म्हणतायत, त्यांना फार वाईट वाटतं."

"कशाचं, विचार."

मास्तरांनी ऐकलं होतं. ते खारूलाच म्हणाले, "त्यांच्या कानांचं. त्यांच्या जोडीदाराचं. त्या पोराचंसुद्धा, ज्यानं उडी मारली."

खारूनं सगळं सांगितलं. हवालदारांनी मास्तरांच्या डोळ्यांत बघितलं. "आणि बोललात त्याचं?"

मास्तरांचं वय झालं होतं. सदऱ्याचं वरचं बटण ते चाचपत राहिले. "नाही," ते शेवटी म्हणाले. "त्याचं नाही. खोटं कसं बोलू?"

"नाही म्हणतात," खारू म्हणाली.

"बरं," हवालदार म्हणाले आणि चालायला लागले. जिन्यात त्यांनी कठडा घट्ट धरला. खाली आल्यावर ते खारूला म्हणाले, "हो म्हणाला असता तर थोबाडीत मारली असती मी त्याच्या." का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि खारूला ते नीटसं कळलंही नाही.

निकाल लागला. दावा फेटाळला. शब्द कठोर होते, बेजबाबदारही म्हणता येतील, पण त्या शब्दांमुळंच डबा पडला हे दाखवता आलेलं नाही, असं न्यायाधीशबाईंनी लिहिलं होतं. वादींचं दुःख खरं आहे, असंही लिहिलं होतं. वकिलांनी खोकल्याच्या गोळीचा कागद चुरगाळला आणि म्हणाले, "वर जाऊ. वरच्या कोर्टात."

घरी बायकोनं जेवायला वाढलं ते आदळत वाढलं. "अहो, कोर्टात कोण असं बोलतं? माहीत नाही म्हणे! माहीत नव्हतं तर दावा कशाला लावला?" खारूनं हे कानात सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, ताट वाजलेलं दिसत होतं.

वहिनीनं फोन उचलणं बंद केलं. तेव्हा बापलेक तिच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर. खुंटीवर अजून गणवेशाचा पट्टा लटकत होता. वहिनीनं बसा म्हटलं नाही.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही त्या माणसाला वाचवलंत."

खारूनं सांगितलं. हवालदार म्हणाले, "जे वाटलं ते बोललो, सूनबाई."

"तुमच्या वाटण्यापायी माझा दावा गेला. तुम्हाला प्रश्न पडू शकतात. काकूंचं माणूस घरी आहे. बहिरं का होईना, आहे."

खारूनं वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "सांग ना. सगळं सांगतेस ना तू? हेही सांग."

खारूनं सांगितलं. काहीच गाळलं नाही. हवालदारांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "बरोबर बोलतेय," ते खारूला म्हणाले, जणू वहिनी समोर नव्हतीच. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "अपिलावर माझी सही नको मागूस. मला खात्री नाही, तिथं मी सही करणार नाही. पण तारखेला येऊन बसेन. तुझ्या बाजूला."

"बसून काय होणार?" वहिनीनं विचारलं आणि दार लोटून घेतलं.

तरीही पहिल्या तारखेला ते गेले. वरचं कोर्ट मोठं होतं, छत उंच, आणि तिथं आवाज असा घुमायचा की बाबांच्या कानात शिटीशिवाय काहीच पोचेना. वहिनी पुढच्या बाकावर वकिलांशेजारी बसली होती. तिनं मागे वळून बघितलं नाही. बापलेक तिच्या मागच्या रांगेत बसले. मास्तर आले नव्हते, आजारी होते असं कुणीतरी म्हणालं.

पुकारा झाला तशी वहिनी उठली. मुलगी झोपेतून उठून किरकिरायला लागली, पायांनी लाथा झाडायला लागली. वकील घाई करत होते. वहिनी वळली आणि मुलीला खारूच्या मांडीवर ठेवलं.

"हिला धर जरा," ती म्हणाली. बाबांकडे तिनं बघितलं नाही.

मुलगी रडायची थांबली आणि हवालदारांच्या शर्टाची बाही ओढायला लागली. तोंडानं काहीतरी बोलत होती, अर्धवट, तिचं तिलाच कळणारं. हवालदार उजवा कान तिच्या तोंडाजवळ घेऊन गेले.

"काय म्हणते?" त्यांनी खारूला विचारलं.

"काही नाही, बाबा. नुसतीच बडबडते आहे."

थोड्या वेळानं न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. वहिनी परत आली, मुलीला घेतलं, आणि वकिलांच्या मागोमाग दुसऱ्या दारानं निघून गेली.