बादशहाची सगळ्यांत वाईट कुस्ती

माझ्या मुलीचं लग्न झालं त्याच वर्षीची ही गोष्ट. लग्न उन्हाळ्यात झालं आणि कुस्ती थंडी पडायला लागली तेव्हा.

माझा नवरा दर शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये कुस्ती खेळायचा. मातीतली नव्हे, दोर बांधलेल्या रिंगमधली, तिकीट लावून दाखवायची. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असायचं. लोक नुरा कुस्ती म्हणून नाक मुरडायचे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येऊन बसायचे. माझ्या नवऱ्याचं काम हरायचं. तो धपकन आपटला जायचा म्हणून लोक त्याला पोतं म्हणत. आपटणारा होता माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला सगळे बादशहा म्हणत, घरातसुद्धा.

त्या कुस्त्या लावणाऱ्या कंपनीतच मी शिवणकाम करायची. बादशहाच्या झग्याला टिकल्या मीच लावायची, एकेक, डोळे चुरचुरेपर्यंत. माझ्या नवऱ्याची काळी चड्डी उसवली की काळ्या दोऱ्याचे चार टाके, झालं काम. भिंतीवर जाहिरात लागायची. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण चित्र कळायचं. बादशहा छाती काढून सगळ्या कागदभर, आणि खाली कोपऱ्यात माझा नवरा, बोटाच्या पेराएवढा.

"ताई, भाऊजींचं नाक बघ किती छान आलंय," धाकटी म्हणायची.

नाकाशिवाय आलंच काय होतं?

मला तिचा हेवा वाटायचा. ती बाजारात गेली की फळवाला तिच्या पिशवीत एक संत्रं जास्तीचं टाकायचा. मला विचारायचा, "काय, पोत्याची कंबर कशी आहे?"

हे सगळं मी गिळलं असतं. पण मुलीचा सासरा भारी तोंडाळ निघाला. भट्टीवर काम करणारा माणूस, बोलणंही तसंच, चटका देणारं. "विहीणबाई," तो म्हणायचा, "आमचे व्याही जमिनीशी फार सलगी करतात हो." सगळे हसायचे आणि मुलगी मान खाली घालून ताटं उचलायची.

मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, एकदा तरी जिंका. पोरीला सासरी मान वर करून चालू दे."

"अगं, जिंकणं सोपं असतं. पडणं अवघड."

"मग सोपं तेवढं एकदा करून दाखवा."

त्याचा खांदा निकामी होत आला होता. तो खेळ सोडणारच होता, म्हणून मालकाने शेवटची कुस्ती त्याला जिंकू द्यायचं कबूल केलं. बादशहाही हसत हो म्हणाला. मी नवऱ्यासाठी नवा झगा शिवला, त्याला बादशहाच्या झग्यापेक्षा दोन ओळी जास्त टिकल्या लावल्या आणि व्याह्यांना पहिल्या रांगेत बसवलं.

त्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. उचलून आपटण्याआधी पडणारा माणूस उचलणाऱ्याचं मनगट दाबतो. म्हणजे, मी तयार आहे, उचल. दाबल्याशिवाय कोणी कोणाला उचलायचं नाही, नाहीतर मान मोडायची. इतकी वर्षं मनगट दाबलं माझ्या नवऱ्याने आणि उचललं बादशहाने. या वेळी दोघांनी सराव केलाच नाही. "सराव कशाला?" बादशहा म्हणाला. "उलटं तर करायचंय."

बेल वाजली. बादशहा धावत आला. माझ्या नवऱ्याने हात पुढे केला आणि तो लागायच्या आधीच बादशहा आडवा झाला. लोक हसले. माझ्या नवऱ्याने त्याला उठवलं, आणि सवयीने स्वतःच दोरांवर जाऊन आदळला आणि पडला. तेवढ्यात बादशहा पुन्हा पडला. दोघेही आडवे. कोणाचे आकडे मोजायचे ते पंचाला कळेना.

"अरे, पांघरूण घाला कोणीतरी!" मागून आवाज आला.

दोघे उठून एकमेकांच्या गळ्यात पडले. पुढच्या रांगेत आम्हाला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"पड ना नीट."

"पडलो की मघाशी!"

"तसं नाही. पाठ टेक आधी. हनुवटी छातीला लाव."

"आणि हात?"

"हात कुठेही टाक रे बाबा, पण पड!"

अशी बराच वेळ शिकवणी चालली. लोक कागदाचे बोळे फेकायला लागले. शेवटी दोघांनी मनगटं धरली. आता बादशहाने दाबायचं होतं. दाबलं माझ्या नवऱ्याने. हाताची सवय ती. आणि बादशहाने नेहमीसारखं त्याला उचललं, थेट खांद्यावर. वर उचलल्यावर बादशहाला आठवलं.

"आता?" तो म्हणाला.

"ठेव खाली," माझा नवरा वरून म्हणाला.

आणि त्याने ठेवलं, झोपलेलं मूल ठेवावं तसं अलगद. वर त्याचा झगाही नीट केला. हॉलमध्ये हसून हसून माणसं खुर्च्यांवरून घसरली. व्याही पोट धरून बसले होते.

मालकाने बेल बडवायला लावली. पंच लगबगीने मध्ये आला आणि त्याने बादशहाचा हात वर केला. त्यानेही इतकी वर्षं तोच हात उचलला होता.

मी उभी राहिले. "अहो पंच, तो नव्हे, दुसरा!"

धाकटीने दंडाला धरून मला खाली ओढलं. पण बादशहाने ऐकलं होतं. त्याने आपला हात सोडवून घेतला आणि माझ्या नवऱ्याचा हात पंचाच्या हातात दिला. सगळा हॉल उठला. टाळ्या, शिट्ट्या. "वा रे बादशहा! मनाचा मोठा!"

हात माझ्या नवऱ्याचा वर होता आणि टाळ्या साडूला.

"विहीणबाई," व्याही डोळे पुसत म्हणाले, "तुमच्या बहिणीचा नवरा मात्र दिलदार माणूस."

नंतर कपड्यांच्या खोलीत धाकटी हुंदके देत होती. "तुला काय कमी होतं गं, ताई? सगळे पैलवान मालकाला सांगतात, माझी कुस्ती पोत्याशी लावा. ह्यांच्याशी लावा असं कोणी म्हणत नाही. भाऊजी पडले नाहीत तर ह्यांना उभंही राहता येत नाही. आज कळलं सगळ्यांना."

"कळलं असतं तर बरं होतं," मी म्हटलं. "टाळ्या वाजवून गेले सगळे."

तिला माझा हेवा वाटत होता, हे मला त्या दिवशी कळलं. पण त्याने माझं पोट भरलं नाही.

ती कुस्ती गाजली. जुने प्रेक्षक जमले की सगळ्यांत वाईट कुस्ती कोणती यावर वाद घालायचे. एकदा दोर तुटून दोघे मालकाच्या मांडीवर पडले होते. एकदा तोंडावर बुरखा घालून खेळणाऱ्या एका पैलवानाच्या बुरख्याची डोळ्यांची भोकं सरकली आणि तो खांबाशीच झुंजत बसला. पण पहिला नंबर ठरलेला, बादशहाच्या कुस्तीचा. वाईट दोघांनी मिळून केली, नाव एकट्याचं झालं.

पुढे म्हातारपणी रेडिओची माणसं आली, अर्थात धाकटीकडेच. माझा नवरा इस्त्रीचा शर्ट घालून कडेला बसला होता. सगळे प्रश्न बादशहाला. शेवटी एकाने आमच्याकडे वळून विचारलं, "आजोबा, चूक नेमकी कोणाची होती?"

बादशहा खाली बघायला लागला.

"माझी," माझा नवरा म्हणाला. "ते कसलेले होते. मीच कच्चा."

रस्त्यात मी म्हटलं, "अहो, निदान आज तरी पडायचं नव्हतं."

"पडलो कुठे? सावरलं त्याला. त्याला पडता येत नाही, माहीत आहे ना तुला?"

घर येईपर्यंत मी त्याच्या चार पावलं पुढेच चालले.

बादशहा अजून आहे, काठीशिवाय चालतो, आणि धाकटी रोज त्याच्याबरोबर फिरायला जाते. माझा नवरा नातीच्या लग्नानंतरच्या मार्च महिन्यात, एका बुधवारी दुपारी वारला.