बिनकाडीची आग

"बैठकीत तोंड उघडलंस ना हेमू, त घरात पाय ठेवू देनार नाई तुले!"

"नका देऊ. पन माय कोनाच्या घरात राहन मंग? तिचंबी घर राह्यलं का इथी?"

लटारूनं हातातली तणसाची पेंढी बैलापुढे आपटली. "आवाज खाली घे. लोक आयकून राह्यले."

"आयकू द्या ना! बायकोले जादूटोनेवाली म्हनून राह्यले अन् तुमी बैलाले तनस टाकून राह्यले. पोलिसात जाऊ म्हटलं त नाई. बोलू म्हटलं त नाई."

"पोलीस गाडीत बसून येते अन् गाडीत बसून जाते. गावात आपल्याले राहा लागते."

लटारूचा हात वर गेला, तसाच थांबला आणि बैलाच्या पाठीवर येऊन पडला. हेमराज बघत होता, बा मारतो का. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण लटारू बैलाच्या अंगावरची गोचीड शोधायला लागला.

चुलीपुढून मनकर्णा दोघांचंही ऐकत होती. शुक्रवारपासून ती बोअरवर पाण्याला गेली नव्हती. ती गेली की बाकीच्या बाया भरलेले-न भरलेले हंडे-गुंड उचलून चालू लागायच्या. म्हणून आता लटारूच पाणी आणायचा, भर दुपारी, कोणी नसताना.

पावसाळ्यात गावात ताप आला आणि दोन लेकरं घेऊन गेला. त्यातला एक गुणाबाईचा नातू होता, आजीच्या पदराला धरून चालणारा. मग करणी कोणी केली ते शोधायला लोकांनी नदीपलीकडून मुखरूबुवाला आणलं. शुक्रवारी त्यानं समाजमंदिराच्या ओट्यावर सात घरच्या सात बायांच्या गोवऱ्या मांडायला लावल्या; जिची आपोआप पेटेल, करणी तिची. एकेकीचं नाव घेऊन गोवरीवर चिमूटभर भस्म टाकलं, वरून तेल सोडलं. सहा गोवऱ्या गपगार पडून राहिल्या. मनकर्णाच्या गोवरीतून धूर निघाला आणि भस्सकन जाळ झाला. काडी कोणी ओढली नव्हती. आज सांजेला तिचं काय करायचं ते ठरणार होतं.

सगळ्यांनी जाळ बघितला. हेमराजनं बुवाचा हात बघितला. सहा वेळा तो डाव्या खिशात गेला होता आणि एकदा उजव्यात. उजव्या खिशातलं भस्म भस्मासारखं नव्हतं. काळं-जांभळं, बारीक काचेसारखं चमकत होतं. आणि बुवाच्या बोटांची टोकं तपकिरी होती, बिब्बा लागल्यासारखी.

हे त्यानं आधी बघितलं होतं. आश्रमशाळेत, नववीत.

"ही लाल दवा," सर म्हणाले होते, "तुमच्या घरी ढोरांचे खूर धुवायला असते ना, तीच. हिच्यात मँगनीज आहे, लोखंडाच्या भावकीतला. त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेतलेले असतात, म्हणून तो दुसऱ्याचे ओढायला टपलेला असतो. समोर ग्लिसरीन आलं की तुटून पडतो. त्या ओढाताणीत आग लागते. आणि पोट भरलं की जांभळ्याचा तपकिरी होऊन गप बसतो."

हेमराजला हा धातू तेव्हाच आवडला होता. पुढच्याच महिन्यात त्यानं त्याच सरांच्या अंगावर डस्टर फेकलं आणि शाळा सोडून घरी आला.

लटारू बैल घेऊन बाहेर पडला तसा हेमराज माळ्यावर चढला. खुरं धुवायची लाल दवा तिथंच होती. मागल्या साली बैलाच्या तोंडाला फोड आले तेव्हाची ग्लिसरीनची शिशीही होती. दोन्ही घेऊन तो गोठ्यामागे गेला. एक गोवरी ठेवली, दवा टाकली, ग्लिसरीन सोडलं. थंडीनं ते मधासारखं घट्ट झालं होतं. काहीच झालं नाही. आणखी थांबला, तरी नाही. त्यानं गोवरीला लाथ घातली, शिवी दिली आणि वळला. पाठीमागे सुस्स झालं.

वळून बघेस्तोवर गोवरी पेटली होती.

तो हसला. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

मग बोटांकडे लक्ष गेलं. बोटांच्या ओलीत दवा भिनली होती. टोकं तपकिरी झाली होती, बुवासारखीच. असाच बैठकीत गेलो तर बुवा आधीच ओळखेल, काही तरी खोडा घालेल. कुंपणाच्या झाडाची दोन लिंबं तोडून, चिरून त्यानं बोटं घासली. डाग बघता बघता गेला. हेही सरांनी दाखवलं होतं. चिरलेली, तपकिरी पडलेली लिंबं त्यानं उकिरड्यावर फेकली आणि हात धुऊन घेतले.

सांजेला ओट्यापुढे सारं गाव जमलं. मनकर्णाला एकटीला खाली बसवलं होतं. तिनं पदर इतका पुढे ओढला होता की तोंड दिसत नव्हतं. लटारू मागे, खांबाला टेकून. मुखरूबुवानं घसा खाकरला, तेवढ्यात हेमराज ओट्यावर चढला. बगलेत गोवरी होती.

"काय बे हेमू, जेवन रांधतं का इथी?" कोणीतरी बोललं. पोरं हसली.

"हे मुखरूबुवाच्या नावाची गोवरी," हेमराज म्हणाला. "पाहा सारे. माह्याजवळ काडी नाई, माचिस नाई."

कागदाची पुडी गोवरीवर उलटी केली, दवेला हात न लावता. वर ग्लिसरीन सोडलं आणि बाजूला उभा राहिला.

काही झालं नाही. पोरं पुन्हा हसली. बुवाही हसला आणि म्हणाला, "लेकरू आहे. उतरवा खाली त्याले."

गोवरीतून पांढरा धूर निघाला. हसू तिथंच राहिलं. जांभळट जाळ भस्सकन वर आला, आणि पुढच्या रांगेतले लोक एकदम मागे सरकले.

"पाह्यलं?" हेमराजचा आवाज फाटला. "ढोराची दवा आहे हे! खुराची दवा अन् शिशीतलं ग्लिसरीन. देव नाई, भूत नाई. ह्याचे बोटं पाहा, डाग पडते ह्या दवेचा. पाहा ना!"

बुवानं दोन्ही हात निवांतपणे पुढे केले. "पडते ना डाग? पाहा बाप्पा. देवाचं काम करतो, हाताले निशानी राह्यते. आता तुहे दाखव."

हेमराजनं हात पुढे केले आणि त्याच क्षणी त्याला कळलं. बोटं दुधासारखी साफ होती.

"मी… मी लिंबानं धुतले."

 बायांच्या रांगेतून गुणाबाई उठली. कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत.

"तुमच्या उकिरड्यावर लिंबं पाह्यली मी. दुपारी. चिरलेली, काळी पडलेली."

"हात घासले त्यानं, काकी! डाग काढाले!"

"बुवाचं नाव घेतलं त बुवाची गोवरी पेटली." गुणाबाई त्याच्याकडेच बघत होती.  "तू ज्याचं नाव घेतलं त्याची पेटते. मंग माह्या नातवाचं नाव कोनं घेतलं होतं, हेमू?"

 "मँगनीज… इलेक्ट्रॉन ओढते ते, सरनं—" हेमराज सांगायला लागला. लोक आता मनकर्णाकडे बघत नव्हते. त्याच्याकडे बघत होते. पुढची पोरं, आत्ताच हसणारी, आपापल्या आयांमागे गेली होती. दोन माणसं ओट्याची पायरी चढली.

"त्याचं काई नाई."

मनकर्णा उभी राहिली होती. पदर मागे सरला होता.

"मीच शिकवलं त्याले. लिंबंबी माहीच. शुक्रवारचीबी आग माहीच. पोराले समजत नाई काई. सोडा त्याले."

"माय, काय बोलून राह्यली तू!"

"घरी जाय हेमू," ती म्हणाली, रोजच्या आवाजात. "बैलाले पानी दाखव."

पायरीवरची माणसं वळली आणि खाली उतरली. गर्दी तिच्याभोवती मिटत गेली. हेमराज उडी मारणार, तोच मागून कोणीतरी त्याला गच्च धरलं. लटारू होता. त्यानं पोराला ओढत समाजमंदिरामागे नेलं आणि फटफटीची चाबी हातात कोंबली. 

"पहाडीवर जाय. तिथी टावर भेटते. पोलिसायले फोन लाव."

"तुमीच म्हनले होते ना—"

"जाय!" लटारू म्हणाला आणि गर्दीत घुसला.

पहाडीच्या वळणावर फोन लागला तेव्हा अंधार पडत आला होता. पलीकडचा आवाज थकलेला, पण सभ्य होता. गाव विचारलं, नाव विचारलं.

"माह्या मायले घेरलं साहेब. बिनकाडीची आग लावली, जादूटोना करते म्हनून राह्यले. मारून टाकतीन तिले."

"ती काय म्हणते?"

 हेमराजनं हँडल आवळलं.

"हॅलो? ती काय म्हणते?"

"ते… हो म्हनते."

"आणि आग लागली म्हणतोस, ती कोणी लावली?"

"मी."

 मग आवाज म्हणाला, "गाडी काढायला सांगतो. तोवर तू मला पहिल्यापासून नीट सांग."

खाली समाजमंदिराजवळ मोबाइलचे उजेड गोळा झाले होते. आता ते हलायला लागले, एकामागे एक. त्याच्या घराकडे नाही. नाल्याकडे, जिकडं घर नव्हतं, काहीच नव्हतं.

हेमराजनं लाथ मारून गाडी सुरू केली आणि तोंड गावाकडे वळवलं.

"बाकीचं मंग सांगतो साहेब. मले आता जा लागते."