घरातली एकच कानस

क्लबच्या पोहण्याच्या तलावावर पोहायला शिकवणाऱ्या तिच्या नवऱ्याला सगळे मास्तर म्हणायचे, म्हणून ती मास्तरीणबाई. प्रत्यक्षात तिला पोहण्यातलं ओ की ठो येत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तलावामागच्या खोलीत सभासदांचे टॉवेल धुवायची, वाळवायची आणि घड्या घालून फळीवर रचायची. त्या खोलीला एक जाळी होती आणि जाळीतून पाण्याचा एक निळा तुकडा दिसायचा. "तुम्ही काय बाई, घरचाच मास्तर, माशासारख्या पोहत असाल," असं कुणी म्हटलं की ती हसून वेळ मारून न्यायची.

सोमवारी तलाव सभासदांसाठी बंद असे. त्या दिवशी नोकरमाणसांच्या घरच्यांनी पाण्यात उतरावं, अशी क्लबची पद्धत होती. माळ्याची बायको तिथेच पोहायला शिकली. स्वयंपाक्याची सासू, गुडघेदुखीची बाई, तीसुद्धा कठड्याला धरून पाय मारायला लागली. त्यांना शिकवलं मास्तरनेच. स्वतःच्या बायकोची वेळ आली की मात्र तो म्हणायचा, "पुढच्या हंगामात बघू." ती दर हंगामात विचारायची आणि दर हंगामात तेच ऐकायची. शिकवून दमलेल्या माणसाला घरी अजून किती छळायचं, अशी तीच स्वतःची समजूत घालायची. अशा समजुती घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग मास्तरच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं पडलं.

दुसऱ्या कुणाचं पडलं असतं तर पडलं असतं, मोजे घातले की झालं. पण मास्तरची अख्खी पत अनवाणी पायांवर उभी होती. तलावाच्या फाटकाशी तो स्वतः उभा राहायचा, "पाय दाखवा" म्हणायचा आणि ज्याच्या नखाला बुरशी दिसेल त्याला सरळ घरी पाठवायचा, मग तो कुणाचाही कोण असेना. हंगाम उघडण्याआधी क्लबचा डॉक्टर सगळ्या नोकरांचे पाय तपासायचा. तो हंगाम मास्तरने पाय मुरगळल्याचं सोंग करून रबरी बुटात काढला. पुढच्या हंगामात ते सोंग चालणार नव्हतं. डॉक्टरकडे जायची सोय नव्हती, कारण आसपास डॉक्टर तो एकच.

"काहीतरी कर बाई," एका संध्याकाळी तो तिच्यापुढे पाय पसरून म्हणाला. "नख साफ झालं ना, की पहिल्याच सोमवारी तुला पाण्यात उतरवतो. शब्द देतो."

तिने तो शब्द पदरात घेतला आणि कामाला लागली.

नणंदेला विचारलं तर ती म्हणाली, लसूण. लसूण ठेचून नखावर बांधला, तर सकाळी कातडी भाजल्यासारखी लाल झाली आणि मास्तरने घर डोक्यावर घेतलं. शेजारीण म्हणाली, खायचा सोडा. सोड्याचा लेप वाळून पोपडे सतरंजीभर झाले. कुणी बाम सांगितला, कुणी गुळण्या करायचं औषध सांगितलं, आणि प्रत्येकाच्या ओळखीतलं कुणी ना कुणी त्याने ठणठणीत बरं झालेलं होतं. शेवटी तिने एकच धरून ठेवलं. रोज टबात कोमट पाणी आणि त्यात व्हिनेगर, त्यात त्याचे पाय, मग पाय कोरडे करून मऊ पडलेलं नख कानशीने घासायचं. घराला लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास यायचा. मास्तर पाय टाकून बातम्या बघायचा आणि ती खाली बसून घासायची, पिठासारखी पांढरी पूड कागदावर झटकायची.

बसलेच आहे तर म्हणून त्याचं झालं की त्याच कानशीने ती स्वतःच्याही पायाची नखं सारखी करायची. दुसरी कानस घ्यावी, असं तिने एकदा बोलून पाहिलं होतं.

"घरात एक असताना दुसरी कशाला?" मास्तर म्हणाला. "रोग असतो ओल्यात. फरशी, टॉवेल, साचलेलं पाणी. जन्म गेलाय माझा तिथे. कोरड्या लोखंडाला काय होतंय?"

तलावावरच्या माणसाचं ज्ञान ते. तिला पटलं.

नख आपल्या चालीने वाढत राहिलं. मुळाशी गुलाबी कड दिसली त्या दिवशी तिला इतका आनंद झाला की तिने नणंदेला फोन करून सांगितलं. कड पुढे सरकत गेली, पिवळं मागे हटत गेलं, आणि नव्या हंगामाच्या तोंडावर डॉक्टरने मास्तरचा पाय हातात घेऊन, उलटासुलटा करून सोडून दिला. मास्तर शीळ घालत घरी आला. तिने पोहण्याचा निळा पोशाख शिवून कधीचाच तयार ठेवला होता.

तिच्या स्वतःच्या अंगठ्याच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका होता. तिने तो पाहिला होता. व्हिनेगरचा डाग असेल, असं आधी वाटलं आणि नंतर वाटलं, असला तरी काय. फाटकाशी उभा कोण असणार आहे? आपलाच माणूस. वर्षभर आपण त्याच्या पायाशी बसलो, तो आपला एक ठिपका सांभाळून घेणार नाही?

पहिला सोमवार उजाडला. पोशाखावर टॉवेल गुंडाळून ती रांगेत उभी राहिली. पुढे माळ्याची बायको, मागे स्वयंपाक्याची सासू. नेमके त्या दिवशी क्लबचे सेक्रेटरी पाहणीला आले होते आणि फाटकाला टेकून उभे होते. तिचा नंबर आला. तिने पाय पुढे केला आणि किंचित हसली.

मास्तर वाकला. अंगठा पाहिला. ते काय आहे हे त्या क्लबमध्ये त्याच्याइतकं कुणालाच कळलं नसतं. त्याने एकदा सेक्रेटरींकडे पाहिलं.

"बाई, तुम्हाला आत जाता येणार नाही," तो मोठ्याने म्हणाला. "नखाला बुरशी आहे. बरं करा आणि या."

बाई. तुम्ही. इतक्या वर्षांत त्याने तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

तिच्या जिभेवर एकच वाक्य होतं. ते बोलली असती तर मास्तरची नोकरी तिथेच संपली असती, आणि त्याच नोकरीवर घराची चूल होती. तिने ते गिळलं. मागून स्वयंपाक्याची सासू हळूच म्हणाली, "अगं बाई, मास्तरांच्या घरात?" मास्तरीणबाईंनी टॉवेल घट्ट ओढून घेतला आणि रांगेतून बाहेर पडल्या. कठड्यापलीकडचं पाणी तिने त्या दिवशी पहिल्यांदा जाळीशिवाय पाहिलं. ते तिला वाटलं होतं त्याहून खूप मोठं होतं.

घरी जाताना ती औषधांच्या दुकानात शिरली आणि काउंटरवरच्या मुलीला अंगठा दाखवला.

"घरात आधी कुणाला होतं का?" मुलीने विचारलं. "नेलकटर, कानस एकच वापरता का? मग त्यातूनच आलं. एकाचं दुसऱ्याला लागतं. ज्याला होऊन गेलंय त्यालाही परत लागतं. ज्याची त्याची वेगळी ठेवा."

संध्याकाळी मास्तर खुशीत आला. "सेक्रेटरी काय म्हणाले माहितेय? मास्तर, तुम्ही सख्ख्या बायकोलाही सोडलं नाहीत! शाबासकी दिली चारचौघांत."

"मला हे कुणामुळे झालं?" तिने विचारलं.

"आता कुणामुळे झालं हे उगाळून काय उपयोग?"

"मग डॉक्टरांना दाखवते."

"वेडी आहेस का? तो शंभर प्रश्न विचारील, माझ्यापर्यंत येईल. घरीच कर. तुला तर सगळं येतं."

"तुम्ही घासून द्याल? मला वाकून नीट जमत नाही."

मास्तरने पाय वर खुर्चीवर घेतले. "मी? मला परत लागलं म्हणजे? हे बघ, आजपासून तुझा टॉवेल वेगळा. चपला वेगळ्या. मोरी वापरलीस की फरशी कोरडी करत जा. आणि पोहण्याचं पुढच्या हंगामात बघू."

तिला रडू आलं नाही. सगळं वर्ष तिच्या डोळ्यांपुढून गेलं, तो आंबूस वास, ती पूड, ते पाय, आणि आपण किती मूर्ख होतो याची तिला इतकी चीड आली की रडायला जागाच उरली नाही.

तिने टबात कोमट पाणी घेतलं, व्हिनेगर ओतलं आणि पाय सोडले. पाणी घोट्यापर्यंत आलं. या हंगामातलं तिचं पोहणं ते एवढंच. मग पाय कोरडे करून ती स्वतःचा अंगठा घासत बसली. वेगळा टॉवेल, वेगळ्या चपला, कोरडी मोरी, सगळं तिने त्याच्या म्हणण्याप्रमाणे केलं. असेच काही आठवडे गेले.

एकदा बातम्या बघता बघता मास्तरने पाय पुढे केला. "अंगठ्याची कड मोज्याला अडकतेय. जरा कानस दे."

ती नुकतीच आपलं नख घासून उठली होती. कानस तिच्या हातातच होती, दात्यांत पांढरी पूड होती.

"नवीन आणू का?" तिने विचारलं. अगदी सरळ विचारलं.

"घरात एक असताना दुसरी कशाला?" पडद्यावरची नजर न हलवता मास्तर म्हणाला आणि हात पुढे केला.

तिने कानस त्याच्या हातात दिली.