राखणदार आणि पान्याचा अर्धा फेरा

डॉक्टरांची फटफटी घाटीत अडली, की अर्धी वाडी हातातली कामं टाकून धावायची. फुकटचा चमत्कार कोण सोडतो! गोष्ट चौतीस सालची. पूर्णगडाकडच्या त्या जांभ्याच्या चढावर, शिवेच्या दगडाशी आली, की फटफटी नुसती गुरगुरायची, पुढं म्हणून सरकायची नाही. मग रावजी भगत नारळ घेऊन यायचा, अर्धा तास शीव राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, गाऱ्हाणं घालायचा, आणि फटफटी निमूट वर चढायची. दोन वर्षांत एकदाही चुकलं नाही.

त्या साली चैतातही ती अशीच चढली. पण डॉक्टर वाडीतल्या घरी पोचेपर्यंत, तिथं माहेरी बाळंतपणाला आलेली सगुणा पोटातल्या जिवासकट गेली होती.

तिचा भाऊ भिकाजी मुंबईत मोटारींच्या कारखान्यात फिटर होता. तो दिवसकार्याला आला तेव्हा आई, हौसा, कोपऱ्यात बसलेली होती. डोळ्यांत टिपूस नाही.

"आये, रड गो जरा."

"मी कुठल्या तोंडानं रडू? मीच मारलंय तिला. औंदा राखणदाराला राखणीचा कोंबडा द्यायचा चुकवला मी. रावजी म्हनला, म्हनूनच राखणदारानं डाक्टरांच्या फटफटीचा गेर धरून ठेवला."

भिकाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोर गेली ती गेली, वर आईच्या माथी खून! तेराव्या दिवशी फटफटी पुन्हा अडल्याचं कळलं, तेव्हा तो पाना खिशात टाकून आईला हाताला धरून घाटीत घेऊन आला.

रावजीचं सुरूच होतं. "बा राखणदारा म्हाराजा! ह्या येंत्राचा गेर जो तुज्या मुठीत गावलाय..."

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली.

"तो सोड, आनि लेकरांची चूक पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!"

राखणदाराला विलायती यंत्रातलं एवढं कधीपासून कळायला लागलं, हे कुणी विचारलं नाही.

भिकाजीनं इंजिन बंद करवलं. "डॉक्टर, गिअर तसाच राहू द्या. आता ब्रेकचा आणि क्लचचा हात सोडा."

फटफटी आपसूक मागं घसरायला लागली.

"गिअर घातलेली गाडी चढावर जागेला उभी राहायला हवी. गिअर बरोबर बसलाय. इंजिनाची ताकद चाकाला देणारा क्लच धरत नाही. ही तार फार ताणलीय, त्यामुळं क्लच पुरता मिटतच नाही. चढावर तो घासतो, तापतो आणि मग सुटतो. हात लावून बघा, कसा भाजतो. गाऱ्हाण्याच्या अर्ध्या तासात तो गार होतो आणि पुन्हा धरतो."

त्यानं पान्यानं अर्धा फेरा दिला. तार सैल पडली. फटफटी जागेला उभी राहिली. डॉक्टरांनी लाथ मारून चालू केली आणि ती तापलेलीच सरसर वर चढली. नारळ रावजीच्या हातात तसाच होता.

"अर्ध्या गाऱ्हाण्यानंच गेर सुटला!" रावजी म्हणाला.

"असं? तार परत ताणतो. आता पुरं गाऱ्हाणं घाल, पण गार व्हायच्या आत चढवून दाखव."

रावजीनं नारळ काखोटीला मारला आणि घरची वाट धरली.

डॉक्टर खाली उतरून आले. हौसानं त्यांना विचारलं, "मंग त्या दिवशी तुमी चालत का न्हाय आलात?"

दगडापासून घर पायी पाव तासावर.

डॉक्टरांची मान वर होईना. "गाऱ्हाणं घातलं की गाडी निघतेच, म्हणून बसून राहिलो, हौसाबाय. एवढा शिकलेला मी, ह्या दगडावर बसून राहिलो."

"आनि कोंबड्याचं?" तिनं लेकाकडं बघितलं.

"कोंबड्याचं कायच नव्हतं, आये. तुजी काय चूक न्हाय."

हौसा शिवेच्या दगडावर मटकन बसली आणि सगुणेचं नाव घेऊन हंबरडा फोडला. तेरा दिवसांनी पहिल्यांदा रडत होती ती. तिला उगी राहा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. त्या दिवशी "व्हय म्हाराजा" म्हणणारे सगळे तिथंच उभे होते.

बाबांनो, यंत्र अडलं तर ते का अडलं ते बघा. नसेल कळत, तर न कळू दे. पण हात जोडून थांबू तरी नका, चालायला लागा. घाटी पाव तासाचीच होती.