मागून म्हणणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी एकोची पेटी आहे. गाणारी नव्हे, मागून म्हणणारी. माझ्या पोटात टेपचा तुकडा गोल फिरतो. आलेला आवाज मी त्यावर धरते आणि तीनदा परत देते. उडुपीकडच्या एका ऑर्केस्ट्राने मला वीस वर्षे राबवले आणि मग अडगळीत टाकले. तिथून वारिजाने मला घरी आणले. भाताच्या कोठीत तिने संगणक मांडला होता. आई गिरिजाची भातलावणीची तुळू गाणी तिला जपायची होती.

शेतात गिरिजा पुढून ओळ टाकायची आणि शेजारीण बागी तीच मागून म्हणायची. मला पाहून बागी फणकारली, "या डब्याला माझी जागा दिलीस होय? विडा तरी देतेस का त्याला?"

"डबा निदान सुरात म्हणतो," गिरिजा म्हणाली. "पण वारिजा, ध्यानात ठेव. मागचीनं पुढचीचा शब्द खायचा नसतो."

वारिजा ते पाळायची. आईचा आवाज एका तारेने सरळ संगणकात जाई, त्याची नक्कल दुसऱ्या तारेने माझ्याकडे येई. मूळ आवाज तिकडे असायचाच, म्हणून मी नुसता पडसाद द्यावा असे माझे बटण तिने टोकाला फिरवून ठेवले होते. मग दोन्हींची ती चवीपुरती मिसळण करी. फार सुखाचे दिवस होते ते.

प्रत्येक सूर मी तीनदा ऐकते, म्हणून गिरिजाच्या आवाजात शिरलेली खरखर मला सगळ्यांआधी कळली. मी ती परत परत ऐकवली. वारिजाला वाटले, माझीच टेप झिजली. तिने टेप बदलली, खरखर तशीच राहिली. मग डॉक्टरांनी सांगितले, घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावे लागेल.

इस्पितळात जायच्या सकाळी सर्वांत मोठे गाणे उरले होते, आणि नेमकी सरळ जाणारी तार तुटली. रिक्षा दारात उभी होती.

"अप्पे, या पेटीतूनच घेते गं. काय बिघडतंय?" वारिजा आईला म्हणाली.

तिने सगळा आवाज माझ्यातून वळवला. बटण मात्र टोकालाच राहिले, म्हणजे आता संगणकात नुसता पडसाद जाणार, मूळ आवाज नाही. मी भीतीने गारठले, पण ओरडणार कशी? मला दुसऱ्याचेच शब्द येतात. वारिजाने हेडफोन लावलेच नाहीत. ती गाणाऱ्या आईकडे बघत बसली.

पंधरा दिवसांनी गिरिजा गळ्याला फडके बांधून परतली. वारिजाने गाणे लावले. त्यात गिरिजा नव्हतीच. माझे पडसाद एकमेकांवर चढले होते आणि शब्द कुठेच लागत नव्हते. मी तिला खाऊन टाकले होते.

"पुढचीची ओळ कुठंय गं?" बागी म्हणाली. "ती कानावर पडल्याशिवाय मला एक शब्द आठवत नाही."

वारिजा हुंदके देऊ लागली. गिरिजाने ओठ हलवले, पण आवाज फुटला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या पेट्या हौसेने वापरा. पण आम्हाला नक्कलच द्या. मूळ आवाजाची वाट निराळी राखा, मग कितीही घाई असो. बागी अजून रोज येते, गिरिजाच्या मागे बसते आणि ओळीची वाट बघते.