गोगलगायीपाशी अडलेली गाऊनू

“मी हमोंगच आहे, मग पदवीसाठी सक्तीचा तो सांस्कृतिक विविधतेचा विषय मला माफ ना?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून, लाओसमधून आलेल्या हमोंग निर्वासितांच्या घरातल्या गाऊनूने अमेरिकेत मिनेसोटातल्या विद्यापीठात प्रवेशाआधीच्या विद्यार्थी-पालकांच्या भर सभेत विचारलं. तिच्यासाठी नर्सिंग कॉलेजचा अर्ज आधीच भरून बसलेल्या आईबाबांनी माना खाली घातल्या.

“माफी नाही!” प्राध्यापिकाबाई हसल्या. “पण हे भिंतीवरचं हमोंग भरतकाम वाचून दाखव पाहू.”

गाऊनूने त्यातली चित्रं खणखणीत वाचली. युद्धात जळतं गाव, मेकाँग नदी, बांबू धरून पलीकडे पोहणारी माणसं. कापडाच्या काठावरच्या वेटोळ्या गोगलगायीपाशी मात्र ती अडली.

“तिची वेटोळी म्हणजे एकीतून एक निघालेल्या आपल्या पिढ्या गं, बाळा,” मागून आई चक्क मोठ्याने म्हणाली.

टाळ्या पडल्या. गाऊनू ताठ मानेने वळली.

“आई, बाबा, नर्सिंग राहू द्या. मला एक विषय पुरायचा नाही. मी इथे आपलाच इतिहास शिकणार!”